ळ कमी पडला

नानलपेठेत माझ्या प्रेसच्या पाटीवर अजून
'पुस्तके, पत्रिका, पावत्या' लिहिलेलं आहे.
उन्हानं 'पुस्तके' आधी उडवलं.
पत्रिका आता फोनवरच जातात,
गणपती हलतो, सनई वाजते, कागद लागत नाही.
पावत्या तेवढ्या राहिल्यात.

प्रयाग तांदळे पावत्यांसाठीच यायची.
पिग्मी एजंट. रोज संध्याकाळी
वीस-वीस, पन्नास-पन्नास गोळा करत
स्टेशन रोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
एके दिवशी पिशवीतून पासबुकांऐवजी
पत्ते काढले. अठ्ठ्याहत्तर.
"टॅरोचं पुस्तक लिहायलेय, मराठीत.
चित्रं नाझनीनची. बघा तर."

मी उरुसातला पोपटवाला बघितलेला माणूस.
पोपट बाहेर येतो, चिठ्ठी ओढतो,
दाणा खातो, आत जातो.
स्वतःची चिठ्ठी कधी ओढत नाही.

पण ही पानं निराळी होती.
कोसळत्या मनोऱ्याच्या जागी पाण्याची टाकी,
उद्घाटन झालेली, न भरलेली.
नशिबाचं चाक रसवंतीचं, घुंगरासकट.
मूर्ख म्हणून एक पोरगा एसटी स्टँडवर,
पाठीवर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं,
गाडी लागलीय, आणि तो आभाळात बघतोय.

मरणाच्या पानावर माझं ट्रेडल,
गोधडी पांघरलेलं.
"माझंच सापडलं का?"
"तेच सोपं होतं," ती म्हणाली. "हलत नाही."

पुण्याच्या प्रकाशकानं कळवलं होतं:
विषय वेगळा, शैली चांगली,
दोनशे प्रती लेखिकेनंच विकत घ्याव्यात.
दुसरा म्हणे, आम्ही आता फक्त
श्रीमंत व्हायची पुस्तकं काढतो.
तिसऱ्याला टाकलेलं पाकीट तसंच परत आलं,
वर शिक्का: दुकान बंद.

"मग मी पिग्मीच लावली. फोनवर.
पंचेचाळीस दिवस. जमलं नाही
तर ज्याचे त्याला वापस."

पहिले एक्कावन्न चहावाल्या गफूरचे.
पाचशे भिशीतल्या बायांचे.
मग सेलूचा कुणी, आता मेलबर्नला,
चार हजार टाकून एवढंच विचारलं,
रसवंती अजून आहे का तिथं.
मधे अकरा दिवस आकडा जागचा हलला नाही.
त्या अकरा दिवसांत तिनं स्वतःसाठी
एकही पान ओढलं नाही.
"वसुलीच्या टायमाला भविष्य बघू नये."

मी माळ्यावरून एक जुनं पुस्तक काढलं,
मुखपृष्ठ गेलेलं, शेवट शाबूत.
आश्रयदात्यांची यादी:
अमुक वकील, प्रती पाच.
तमुक देशमुख, प्रती दोन, पैसे येणे.
ती हसत सुटली. "हे तर आपलंच की हो.
पैसे येणेसुद्धा."

पुस्तक हैदराबादला छापायचं ठरलं, पाचशे,
लागले तर आणखी, कळ दाबली की झालं.
"पण यादी तुमच्या ट्रेडलवर.
एकच कागद, घडी घालून शेवटी चिकटवू."
मी गोधडी काढली. आत उंदरांचा संसार होता.
तेल दिलं, खिळे जुळवायला बसलो.

तीनशे बारा नावं.
कांबळे, सोळंके, शेळके, गवळी, पांचाळ, मुळे.
या मुलखात ळ फार.
माझ्याकडे सत्तावीस, त्यातले चार झिजलेले.
चष्मा पुसून पुसून नावांना पुरवले.
सगळ्यात खाली तिचं आलं तेव्हा
खण रिकामा. 'प्रयाग तांद',
मग जागा, आणि वर मात्रा अधांतरी.

तिनं बघितलं. स्टूल ओढलं, पेन काढलं.
दोन दिवस, पाचशे कागद, पाचशे ळ.
कुठला पोट सुटलेला, कुठला लंगडा,
दुपारचे थोडे झोपाळू.

पाकिटांवर मी पत्ते लिहिले.
मेलबर्नच्या पाकिटात तिनं चिठ्ठी टाकली:
रसवंती आहे.
चाक आता मोटरवर फिरतं.
घुंगरं तीच.